तळहातावरची टाच

सिद्रामप्पा कोनापुरे यांचा समाधानांक साऱ्या सोलापूर जिल्ह्यात पहिला आला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी पूजा सोडली.

समाधानांक म्हणजे काय, हे त्या काळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरातल्या अपंग माणसाचं उठणं-बसणं, न्हाणं-खाणं, हगणं-मुतणं जो काढतो, त्याला सरकारदरबारी ‘सांभाळकरी’ असं नाव मिळालं होतं. वर्षातून एकदा प्रत्येक सांभाळकऱ्याने आरोग्य केंद्रात जाऊन डोक्यावर जाळीची टोपी चढवायची, असा नियम. सांभाळणं संपलं तरी काही वर्षं तो लागू राही. ती टोपी मेंदूचा कानोसा घेई. माणूस किती थकलाय, किती धास्तावलाय, झोप कशी लागते, जीव नकोसा होतो का, हे सगळं जोखून ती एक आकडा सांगे. तो समाधानांक. नियम चांगलाच होता, त्याला उगाच नावं ठेवू नयेत. आधीच्या पिढ्यांत अशी माणसं आतल्या आत खंगून जात आणि शेजारीपाजारी म्हणत, काय बाई पुण्यवान, किती सेवा करतात! त्यापेक्षा टोपी बरी. टोपी जे मोजायची ते खरंच असायचं. जे ती मोजत नव्हती, त्याची मात्र कुणाला आठवण झाली नव्हती.

तर केंद्रात अप्पांचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा, सगळं यथासांग. अप्पांनी हात जोडले, फोटोला हसले, घरी येऊन शाल खुंटीला लावली आणि चांगलं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते बाहेरच्या खोलीत आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पूजेचं आसन कोपऱ्यात गुंडाळलेलं तसंच राहिलं.

त्यांच्या बायकोनं, महानंदाबाईंनी, चहाचा कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, पूजा करायची राहिली का?

“राहू दे,” अप्पा म्हणाले. “नुसतं हातात दगड धरून बसल्यासारखं वाटतंय. उगीच बसायचं कशाला?”

हे त्यांनी दुःखानं नाही सांगितलं, वैतागूनही नाही. आज भाजीला दोडका नको, असं सांगावं तसं सांगितलं, आणि चहा प्यायले.

आता बाईंनी कप ‘आणून ठेवला’ हे मी सहज बोलून गेलो खरा, पण त्यात साधं काहीच नाही. या बाई अर्धा जन्म चालल्याच नव्हत्या.

महानंदाबाई कोनापुरे शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती, मूलबाळ अजून नव्हतं. शाळेची सहल घेऊन नळदुर्गाच्या किल्ल्यावर गेल्या, पावसाळ्यानंतरच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि पाठीवर आपटल्या. कण्यातली मज्जारज्जू तुटली. कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श. तेव्हापासून सिद्रामप्पांनी त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. माहेरची माणसं सुरुवातीला आली, हळहळली, गेली. पुढे यंत्रसेविका निघाल्या. उचलणाऱ्या, पुसणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या. अप्पांनी त्यातली एक ठेवून घेतली दोन दिवस आणि परत पाठवली. म्हणाले, हिला आपले पाय कळत नाहीत.

आपले पाय! ही अप्पांची बोलण्याची लकब साऱ्या गल्लीला माहीत. “आज आपले पाय लई गार पडलेत बाईसाहेब,” असं ते म्हणायचे, आणि हात लावून बघायचे ते बाईंचे पाय. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. अप्पांना त्याचं काही नव्हतं. बायकोला ते चिडवून बाईसाहेब म्हणत, आणि बाईही शाळेतल्या पोराला दटावावं तशा त्यांना दटावत. सकाळी उठलं की तेल कोमट करायचं, बाईंचे दोन्ही पाय एकेक करून उचलायचे, वाकवायचे, फिरवायचे, सरळ करायचे. सांधे धरू नयेत म्हणून. ते झालं की स्वतःची अंघोळ, कपाळाला विभूती, आणि मग पूजा.

अप्पांची पूजा म्हणजे देव्हाऱ्यापुढची घंटा नव्हे. घराणं लिंगायत. लहानपणी स्वामींनी दीक्षा देताना गळ्यात बांधलेलं इष्टलिंग, चांदीच्या डबीतलं, ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं. पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग त्याच्यावर नजर लावून बसायचं. बसलं की अप्पा जे जात, ते जातच. दारावरची कडी वाजो, कुकरची शिट्टी होवो, त्यांना पत्ता नसे. बाई पलंगावरून बघत. एकदा शेजारच्या घराला आग लागली तेव्हासुद्धा बाईंनी हाका मारमारून त्यांना भानावर आणलं होतं. बाई नंतर भांडल्या, अशी कसली ओ तुमची तंद्री, मी जळून गेले असते तर! अप्पा हसून म्हणाले होते, तुम्हाला सोडून गेलोच नव्हतो की मी कुठं.

आणि हाच माणूस आता म्हणत होता, दगड धरल्यासारखं वाटतंय.

हे असं का झालं, ते समजायला डॉक्टर यास्मिन तांबोळींच्या खोलीत जायला हवं. दीड वर्षापूर्वी बाई आणि अप्पा तिथं पहिल्यांदा गेले होते.

मज्जासेतू निघाला त्याला तोवर बराच काळ लोटला होता. तुटलेल्या मज्जारज्जूच्या दोन टोकांमध्ये, त्याच माणसाच्या पेशींपासून वाढवलेला मज्जेचा धागा बसवायचा, तो मज्जासेतू. ज्यांना नुकतीच इजा झाली होती ते लोक त्यानं चालू लागले. पण जुने रुग्ण मात्र सेतू बसवूनही पडूनच राहिले. पूल झाला, रस्ता झाला, वाहतूक काही सुरू होईना. का, ते डॉक्टर तांबोळींनी शोधलं होतं.

डॉक्टर चाळिशीच्या, बार्शीच्या, बोलायला मोकळ्या. बाई भूगोलाच्या म्हटल्यावर त्या खूश झाल्या. मग तुम्हाला सोपं जाईल, म्हणाल्या. मेंदूत आपल्या सगळ्या अंगाचा एक नकाशा असतो. हाताची जागा वेगळी, ओठांची वेगळी, पायांची वेगळी. त्या नकाशावरूनच मेंदू हुकूम सोडतो. पण पायाकडून वर्षानुवर्षं काही खबरबातच आली नाही, तर पायाची जागा पडीक राहते. आणि पडीक जमिनीचं काय होतं ते सांगायला नको.

“शेजारी खातात,” बाई म्हणाल्या. “म्हणजे माझ्या पायांच्या जागेवर अतिक्रमण झालंय.”

“झालंय. हातांनी थोडं खाल्लं, पाठीनं थोडं. आणि कोर्टात जायची सोय नाही.”

मग डॉक्टरांनी अप्पांना टोपी घातली. बाईंचं पाऊल उघडं करून त्यांनी तळव्याला टाचणी टोचली. बाईंना अर्थातच काही कळलं नाही. अप्पांनी मात्र स्वतःचा पाय झटक्यात मागे घेतला आणि ओशाळून हसले.

डॉक्टर हसल्या नाहीत. पडद्याकडे बोट करून त्यांनी सांगितलं, की हाच त्यांचा शोध. मेंदू देहाची हद्द आखून घेतो: इथवर मी, इथून पुढं दुसरं. ही हद्द पक्की नसते. आंधळ्याच्या काठीचं टोक त्याच्या मेंदूला बोटासारखं वाटतं, ते यामुळेच. पण दुसऱ्याचं निकामी अंग जो वर्षानुवर्षं आपल्या हातांनी उचलतो, वाकवतो, धुतो, जपतो, त्याचा मेंदू हद्द सरकवत सरकवत त्या अंगापर्यंत नेतो आणि शेवटी त्यालाच आपल्यात धरतो. सांभाळणाऱ्याच्या देहात सांभाळलेल्याचा देह. या गोष्टीला डॉक्टरांनी ‘सहदेह’ म्हटलं होतं.

“बाई, तुमच्या पायांचा नकाशा तुमच्या डोक्यात उरलेला नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो नाहीसा झालेला नाही. यांच्या डोक्यात आहे. सांध्यासांध्यानिशी, ताजा.”

अप्पांना यात काही नवल वाटलं नाही. आपले पाय आपलेच की, म्हणाले.

पुढचं डॉक्टरांनी सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं. तो नकाशा अप्पांच्या मेंदूतून उचलून बाईंच्या मेंदूत रुजवता येतो. सेतू आणि नकाशा दोन्ही मिळालं की बाई चालतील. मात्र त्याची नक्कल करता येत नाही. रांगोळीवर ओला कागद दाबून छाप उचलावा तसं ते आहे. छाप कागदावर येतो, जमिनीवर रांगोळी राहत नाही. अप्पांच्या आठवणी जातील का? नाही, एकही नाही. माणूस ओळखू येणार नाही असं काही? छे. शिणवटा जाईल, पाठदुखी कमी होईल, झोप गाढ लागेल. सहदेह वाहणं मेंदूला जड असतं, ते ओझं उतरेल.

“आणि काय जाईल?” अप्पांनी विचारलं.

“बाई तुम्हाला इतर माणसांइतक्या वाटतील.”

“इतर म्हणजे?”

“म्हणजे मी. तुमचे शेजारी. कुणीही भलं माणूस. तुम्ही घाई करू नका, घरी जा, विचार करा.”

अप्पांनी बाईंकडे बघितलं. त्या वेळी बाई काही म्हणाल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. नको म्हणाल्या असत्या, निदान घरी जाऊन बोलू म्हणाल्या असत्या. पण बाई खिडकीतून खाली बघत होत्या. खाली एक लठ्ठशी बाई, हातात पिशव्या, सुटलेल्या रिक्षेमागे धावत होती, आणि धावताना स्वतःवरच हसत होती. इतक्या वर्षांत महानंदाबाईंनी कधी तक्रारीचा शब्द काढला नव्हता, काढायला तोंडच नव्हतं. समोरचा माणूस आपल्यासाठी राबतोय म्हटल्यावर कुठल्या तोंडानं रडायचं? त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेलं.

“मला चालायचंय,” त्या म्हणाल्या.

“मग झालं की,” अप्पा म्हणाले. “आणि डॉक्टरबाई, माया काय डोक्याच्या एका कोपऱ्यात असते होय? उगा भिवू नका.”

डॉक्टर टोपीच्या तारा गुंडाळत राहिल्या.

नकाशा उचलण्याच्या दिवशी यंत्रात धातू चालत नाही म्हणून अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी काढावी लागली. लिंग अंगावेगळं करायला अप्पा तयार होईनात. शेवटी सुती रुमालात बांधून ते दंडाला आवळलं आणि तसेच आत गेले. जाताना बाईंच्या पायावरून हात फिरवून म्हणाले, येतो बाईसाहेब, आपल्या पायांना सांभाळा. त्या तोंडून ‘आपले पाय’ बाईंनी ऐकलं ते शेवटचं.

बाई चालल्या. एका दिवसात नाही, पण चालल्या. आधी आडव्या दांडीला धरून, मग अप्पांच्या खांद्याला, मग कशालाच नाही. होटगी रस्त्यावरच्या त्यांच्या गल्लीत लोक दारात येऊन उभे राहिले. कुणी ओवाळलं, कुणाच्या डोळ्यांना धार लागली. अप्पा सगळ्यांत मिसळून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांइतक्याच. बाईंना तेव्हा ते खटकलं नाही. त्या आपल्या पावलांकडे बघण्यात गुंग होत्या.

हळूहळू कळत गेलं. अप्पा कुठं वाईट वागले असं नाही, उलट पूर्वी कधी नव्हते इतके नीट वागू लागले. बाईसाहेब म्हणणं गेलं, महानंदा आलं. ताटात आमटी वाढताना सांडली तर पूर्वी चार गोष्टी सुनवायचे, आता असू दे म्हणायचे. बाईंना ताप भरला तेव्हा गोळी आणून दिली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि आराम कर म्हणून फिरायला गेले. पूर्वी बाईंना शिंक यायची झाली तर यांना आधी कळायचं. आता बाई समोर बसून रडल्या असत्या तरी अप्पांनी विचारपूस केली असती, आणि ती मनापासूनच केली असती. शेजाऱ्यानं करावी तशी.

एक गोष्ट डॉक्टरांनाही उलगडत नव्हती. बाईंच्या चालीत एक अडखळ होती. डावं पाऊल उचललं की ते पुढं पडण्याआधी टाच थोडी हवेत थांबायची. दुखत नव्हती, आखडत नव्हती. नुसती थांबायची, आणि मग पडायची. डॉक्टरांनी स्नायू तपासले, सेतू तपासला, सगळं ठाकठीक. नकाशातच काहीतरी आहे, म्हणाल्या, पण काय ते दिसत नाही.

बाईंना त्या थांबण्यात ऊब लागायची. कुणीतरी टाचेखाली हात धरल्यासारखी. पहिल्यांदा त्यांना भास वाटला. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय धुताना त्यांनी डावं पाऊल हातात घेतलं आणि त्यांना एकदम हुंदका आला. त्या पावलाविषयी इतकी माया दाटून आली, की त्यांना कळेना, ही माया येतेय कुठून? स्वतःच्याच पायाचा कुणाला असा उमाळा येतो होय? ती माया त्यांची नव्हतीच. ती नकाशासोबत आली होती.

त्यांनी तसंच ओल्या पायांनी बाहेर येऊन अप्पांना विचारलं, माझी डावी टाच तुम्ही काय करत होतात?

अप्पांनी जरा आठवून बघितलं. “हां, ती होय. पाय हलवून झाले की शेवटी डावी टाच डाव्या तळहातावर घेऊन बसायचो जरासा. मग अंघोळ करून त्याच हातावर लिंग घ्यायचो. रोजचं होतं ते.”

“का घ्यायचात?”

“काहीतरी वाटायचं तेव्हा,” अप्पा म्हणाले. “दोन्हींचं वजन सारखंच लागायचं हाताला. आठवतंय सगळं. पण आता तसं वाटत नाही.” आणि बाईंचे पाय ओले बघून त्यांनी पायपुसणं पुढं सरकवलं.

इतकी वर्षं रोज सकाळी आपली टाच देवाच्या जागी ठेवली जात होती, आणि आपल्याला त्याचा स्पर्शसुद्धा कळला नाही. आता कळला, तर ठेवणारा त्या हातातून निघून गेलेला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. अप्पांनी विचारलं, बरं नाही का, आणि झाकून ठेवलेलं ताट मांजरानं उलटू नये म्हणून वर उचलून ठेवलं.

मग सत्कार झाला आणि पूजा सुटली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंना चांदीची डबी खिडकीत दिसली. कंगव्याशेजारी. उन्हाळ्यात दोऱ्याखाली घाम येतो, मानेला चट्टा उठलाय, म्हणून काढून ठेवली, असं अप्पांनी सांगितलं. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग कायमचं उतरतं ते मेल्यावर. तेसुद्धा दूर ठेवायला नाही, त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवून त्याच्यासोबत मातीत द्यायला. बाईंनी डबी उचलून पदरात बांधली आणि दुसऱ्या दिवशी एकट्या, आपल्या पायांनी, डॉक्टर तांबोळींकडे गेल्या.

“त्यांचं त्यांना परत द्या,” त्या म्हणाल्या. “माझे पाय गेले तरी चालतील.”

डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. परत देता येत नाही, म्हणाल्या. एका कागदावर आलेला छाप पुन्हा जमिनीवर उमटत नाही. दुसऱ्यांदा उचलायला गेलं तर दोन्हीकडचं जाईल.

पण पूजा का जावी, बाईंनी विचारलं. पायांचा नकाशा उचललात ना, देवाचं काय उचललंत?

डॉक्टर म्हणाल्या, “बाई, मेंदूत देहाची हद्द जिथं आखली जाते ना, ध्यान लागतं तेव्हा तीच जागा मंदावते. देहभान हरपतं म्हणतात ते हेच. तुमच्यामुळे त्यांची हद्द इतकी वर्षं उघडीच होती. त्याच वाटेनं त्यांचा देवही येत-जात असणार. आम्ही तुम्हाला बाहेर काढलं आणि वाट बुजली. टोपी म्हणते ते सुखात आहेत. ते खोटं नाही. बंद घरात वारा लागत नाही एवढंच.”

“तुम्हाला हे आधी माहीत होतं?”

“नव्हतं. आता माहीत आहे. तुम्ही पहिल्या नाही आलात. ज्यांचं ज्यांचं उचललं, ते सगळे टोपीत पहिले येतात.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “माझी आई माझ्या अब्बूंचं करते. ती मला रोज विचारते, आमचा नंबर कधी. मी अजून लावला नाही.”

बाईंनी मग शेवटचं विचारलं. हे त्यांच्या डोक्यात पुन्हा उगवेल का?

जसं आलं तसंच येईल, आलं तर, डॉक्टर म्हणाल्या. निकामी अंग रोज हातांनी उचलून, वर्षानुवर्षं. चालत्या अंगाला मेंदू आपल्यात घेत नाही, त्याला गरजच वाटत नाही. आणि ते उगवतं फक्त करणाऱ्याच्या डोक्यात. ज्याचं केलं जातं त्याच्या डोक्यात नाही. बाईंना हे नवीन होतं. म्हणजे इतकी वर्षं अप्पांच्या देहात त्या होत्या, आणि त्यांच्या देहात अप्पा तसूभरही नव्हते? त्यांनी अप्पांवर जीव टाकला होता, तो काय खोटा? खोटा नव्हता. पण तो हद्दीच्या अलीकडून टाकलेला होता. हे त्यांना आत्ता कळलं, कारण पलीकडचं काय असतं ते आता त्यांच्या टाचेत होतं.

“बाई, भलतंसलतं करू नका,” डॉक्टर म्हणाल्या. बाईंचा चेहरा त्यांना वाचता आला असावा.

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “या वयात काय करणार मी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या नाहीत. अप्पा अंघोळ करून आले तरी पलंगावरच. त्यांनीच चढवून ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं. अप्पांनी शेगडी पुसून घेतली आणि मग दारात येऊन विचारलं, बरं नाही का?

“पाय उठत नाहीत,” बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून जड झाले होते. आज उठतच नाहीत.”

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टरांना कळवतो म्हणाले. बाईंनी नको म्हटलं. आधी तुम्ही जरा हलवून बघा पूर्वीसारखे, मग कळवू. अप्पांनी घड्याळाकडे बघितलं, सिद्धेश्वर तळ्यावर फिरायला जायची त्यांची वेळ झाली होती, तरी बाह्या सरसावल्या, तेल कोमट करून आणलं आणि पायाशी बसले.

बाईंनी पाय सोडून दिले. सोपं नव्हतं ते. पाय असे, की जरा हात लागला तर उठून पळतील. बाईंनी ओठ आवळून घेतले, श्वास लांबवला आणि मनात म्हणाल्या, तुम्ही मेलेले आहात, पडून राहा. उरलेला जन्म असाच पडून काढायचा, असं त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं. खिडकीबाहेरचा रस्ता, तळ्याकाठचा फेरा, रिक्षेमागे धावणं, सगळ्यावर पाणी सोडलं होतं. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, पण कधीतरी त्यांच्या हातांना कळेल. कधीतरी डबी खिडकीतून गळ्यात येईल.

अप्पांचे हात चुकले नाहीत. हातांची सवय मेंदूच्या दुसऱ्या घरात राहते, ती कुणी उचलली नव्हती. उजवा पाय उचलला, वाकवला, फिरवला, सरळ केला. मग डावा. बाईंनी डोळे मिटले. पाय असा हलवला जाताना त्यांना जन्मात पहिल्यांदा कळत होता. त्या हातांतली जपणूक किती बारीक होती, गुडघ्यापाशी अंगठा कसा अलगद फिरत होता, सगळं कळत होतं. पण हात एखाद्या चांगल्या दवाखान्यातल्या माणसाचे असावेत तसे होते. मध्येच अप्पा म्हणाले, आज ऊन लवकर चढणार बघ.

शेवटी त्यांनी डावं पाऊल उचललं. आता. आता टाच तळहातावर येईल. सवयीनं का होईना, येईल.

अप्पांनी हात काढून घेतला आणि तेलाची वाटी उचलायला वळले.

पाऊल पडलं नाही. टाच हवेतच राहिली. बाईंनी जीव एकवटून तिला खाली सोडायचा प्रयत्न केला, पण ती ऐकेना. त्या जागी थांबायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं, आणि ज्यानं शिकवलं त्याचाच नकाशा होता तो. गादीपासून वीतभर वर, कुणाच्याही हाताविना, टाच तळहाताची वाट बघत तरंगत राहिली. अप्पा वळले आणि त्यांनी ती बघितली.

बाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. अप्पांना सगळं समजलं असतं तर ते रागावले असते, भांडले असते, बाईसाहेब हे काय नाटक म्हणून ओरडले असते. बाईंना तेही चाललं असतं.

अप्पांचा चेहरा उजळला. खरोखरच आनंद झाला होता त्यांना, शेजारच्यांचं पोर पास झाल्यावर होतो तसा.

“अगं, उठतोय की,” ते म्हणाले. “बरे आहेत तुझे पाय.”

त्यांनी हात पुसले, तेलाची वाटी जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि उन्हं तापायच्या आत ते फिरायला गेले.